घालवणी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा ग्रुप चौघांचा असतो. एक काम करतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून वाकून चुका दाखवतो, तिसरा रिपोर्ट लिहितो आणि चौथा फोटोत येतो. आम्हाला चौथा मिळाला नाही, कारण फोटोत येणारे आधीच वाटले गेले होते. राहिलो तिघं. काम करणारी भाविका, चुका दाखवणारा हितेश आणि रिपोर्ट लिहिणारी मी, तळोज्याची नूरीन.

आमची शाखा आयटी आणि डिजिटल मीडिया. कॉम्प्युटरवाले आम्हाला शूटिंगवाले समजतात, शूटिंगवाले कॉम्प्युटरवाले समजतात, आणि प्रिंटर बिघडला की दोघांनाही आमची आठवण येते.

हितेश कोपरखैरण्याचा. त्याच्या जमेला एक गोष्ट, हात साफ. साउंड असो की व्हिडिओ, काम सफाईचं. नावे टाकायचं तर एवढंच की जे त्याला ऐकू येत नाही ते जगात नाही, असा त्याचा ठाम समज. भाविका घणसोली गावातली, आगरी. घर गावठाणात, वरचे मजले भाड्यानं दिलेले. तिला तिथून निघायचं होतं. ‘मला शिंक आली तरी चार घरांतून विचारतात, सर्दी झाली काय गो?’ असं ती म्हणायची. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं होतं. अट एकच, फर्स्ट क्लास. आधीच्या सेमिस्टरच्या एका केटीनं, म्हणजे राहिलेल्या विषयानं, तिला काठावर आणून ठेवलं होतं, आणि आता प्रोजेक्टला चांगले मार्क पडले तरच ती पुण्याच्या बाजूला उतरणार होती. नाहीतर घणसोली.

प्रोजेक्टचा विषयही घणसोलीतच सापडला. भाविकाच्या आजोबांची बहीण यशोदाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवले गाणारी बाई ती धवलारीण. तिनं तोंड उघडल्याशिवाय त्या घरात हळद लागत नाही. घरातले सगळे यशोदाबाईंना बय म्हणत. बयच्या घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. मग बोलणंही बंद, गाणंही बंद. भाविकाच्या भावाचं, प्रीतमचं, लग्न ठरायच्या बेतात होतं, त्यामुळे घरात रडारड होती ती अर्धी बयसाठी आणि अर्धी लग्नासाठी. भाविका म्हणाली, आपण बयचा आवाज घेऊ, कॉम्प्युटरला तिच्यासारखं गायला शिकवू. आमच्या गाइड संध्या मॅडमना विषय फार आवडला. त्यांना ज्या विषयात ‘परंपरा’ आणि ‘एआय’ दोन्ही शब्द येतात तो आवडतो.

रेकॉर्डिंगला बय नऊवारी नेसून, नथ घालून बसली होती.

“ह्यो डबा नुसता आयकतो, का गातो पन?” तिनं हितेशला विचारलं.

“आधी ऐकतो मावशी, मग गातो.”

“मंग मी काय करू?”

“तुम्ही आराम करायचा.”

“आराम मेल्यावर,” बय म्हणाली आणि स्वतःच हसली. “मेल्यावर पन नाय रं. लगीन निघालं की मी हाक मारून उठवतंय त्यांना.”

हे ती खरंच करायची. लग्नात गणपतीला, गावदेवीला बोलावून झालं की बय त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलवायची. ये, पाट मांडलाय, बस. हळद लागली, की ज्यांना बोलावलं त्यांना नाव घेऊनच परत लावून द्यायची. त्या शेवटच्या गाण्याला त्यांच्या घरात घालवणी म्हणतात. बोलावणं खड्या आवाजात, मांडवाकडे तोंड करून. घालवणी मात्र दाराकडे तोंड करून, झोपलेलं मूल खांद्यावर असताना बोलावं इतक्या हळू. पाहुण्याला ये म्हणताना ओरडतात, जा म्हणताना कोण ओरडतं?

हे सगळं मला नंतर कळलं. बय घालवणी गात होती तेव्हा भाविकाच्या आईनं मला आत तांदळाच्या भाकरीला बसवलं होतं. भाविका वाढत होती. बाहेर फक्त हितेश होता. त्यानं पाहिलं की म्हातारी पाठ करून काहीतरी पुटपुटतेय आणि मीटरवर काटा हलत नाही. गाणं संपलं, असं त्यानं गृहीत धरलं.

पुढचं काम त्याच्या स्क्रिप्टनं केलं. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज म्हणजे शांतता आणि शांतता म्हणजे कचरा, असा त्या स्क्रिप्टचा धर्म. पंखा गेला, गल्लीतलं कुत्रं गेलं, घालवणी गेली. मूळ कार्ड रिकामं करून हितेश ते एका साखरपुड्याच्या शूटिंगला घेऊन गेला. बयचं ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आणि वर पांढरा रुमाल. बोलायची ती नुसत्या ओठांनी, आणि ते फक्त भाविकाला कळायचं.

आमची मीडिया लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांचे पत्रे दिसतात. मॉडेल तयार झालं त्या दुपारी भाविकानं पहिलं नाव टाइप केलं. तिच्या आजोबांचं, नामदेव.

स्पीकरमधून बय गायली. खडी, जशीच्या तशी.

‘ये रं नामदेवा, नातवाचं लगीन हाय,
पाट मांडला, पानी ठेवलं, ये रं, बस.’

भाविकानं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “बेस जास्त झालाय. कमी कर.”

पुढचे दिवस टेस्टिंगचे. घरातली गेलेली माणसं संपली, तरी मॉडेलला नवी नावं पेलतात का ते बघायचं होतं. हितेशला जे सुचेल ते तो टाकत होता. भगवान. मिथुन. कुलदीप. कोण कुलदीप, त्यालाही माहीत नव्हतं. जेवायच्या सुट्टीत तो नावांची फाइल लावून जायचा आणि रिकाम्या लॅबमध्ये बय एकेकाला बोलवत बसायची.

“नूरीन, तुझ्या आजोबांचं नाव सांग ना. मुस्लिम नावावर उच्चार चेक करू.”

“माझ्या घरातलं नाव घालायचं नाही.”

“अगं टेस्टिंग आहे.”

“असू दे. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी दुआ मागतात. हाक मारत नाहीत.”

“तळोजावाले फार सिरियस बाबा,” तो म्हणाला, पण नाव घातलं नाही. हे त्याच्या जमेला.

मला माणसं बघायची सवय आहे. वर्गात कोण कुठे बसतो त्यावरून त्याच्या पोटातलं अर्धं कळतं. त्यामुळे ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. लॅबमध्ये लोक बाजूनं चालायला लागले होते.

संध्या मॅडम कोणासाठी सरकत नाहीत; लिफ्टमध्ये त्या मध्यभागी उभ्या राहतात. त्या दिवशी त्या आत आल्या आणि दोन रांगांमधून येताना पदर आवरून, अंग चोरून, तिरक्या चालत आल्या. मध्येच थांबल्या, ‘सॉरी’ म्हणाल्या. समोर कोणी नव्हतं. त्यांना ते कळलंही नाही. आमच्याकडे येऊन त्या प्लेजरिझमच्या टक्केवारीवर बोलायला लागल्या.

दुसऱ्या ग्रुपची मुलं मागच्या खुर्च्यांवर बसेनाशी झाली. का, तर कारण नाही. एकानं बॅग ठेवली आणि लगेच उचलून मांडीवर घेतली. एसी चालू असून घाम यायचा, हॉलमध्ये पंगत बसली की येतो तसा. लॅब असिस्टंट हिरामण चाव्या घेऊन दारातूनच ओरडला, “ए, येवढी मानसं कशाला भरलीयत लॅबमंदी? मॅडम मला बोलतील!” मग त्यानं आत नीट पाहिलं. आम्ही तिघंच. तो चाव्या हलवत राहिला. “मला वाटलं…” म्हणाला आणि काय वाटलं ते न सांगताच गेला. त्यानंतर लॅब बंद करायला तो आम्हालाच सांगायचा.

हितेशला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. तो मानेल असं एकच काहीतरी घडायला हवं होतं, आणि ते घडलं. डेमोच्या आधी खोलीचा आवाज तपासायचा म्हणून तो मध्ये उभा राहिला आणि त्यानं टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत टाळी घुमते. माणसं भरली की घुमत नाही, अंगं आणि कपडे आवाज पिऊन टाकतात. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. सेमिस्टरच्या सुरुवातीला त्यानं याच लॅबमध्ये वाजवलेली टाळी चांगली घुमली होती, त्याचं रेकॉर्डिंग होतं.

ही टाळी घुमली नाही. उशीत मारल्यासारखी जिथल्या तिथे संपली.

त्यानं परत वाजवली. कॉम्प्युटरवर दोन्ही आकृत्या शेजारी लावल्या. “पडदे नवीन लावलेत का?” त्यानं विचारलं. पडदे लॅबमध्ये कधीच नव्हते.

“किती माणसांचा फरक आहे हा?” मी विचारलं.

त्यानं आकडे परत एकदा काढले. “हॉल भरल्याचा,” म्हणाला. त्या दिवसापासून तो मागच्या रांगेकडे पाठ करून बसत नाही.

परीक्षेच्या आठवड्यात बय स्वतः आली. तिला तिचा आवाज ऐकायचा होता. प्रीतम तिला रिक्षानं घेऊन आला आणि गेटजवळ थांबला. भाविकानं तिला हात धरून वर आणलं. बय लॅबच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. आत बघितलं. सगळीकडे, हळूहळू, लग्नघरात आल्यावर बायका बघतात तसं. दोघातिघांना तिनं मान हलवून ओळख दिली. मग तिचा चेहरा बदलला. तिनं भाविकाचा दंड पकडला आणि तिचे ओठ हलले.

“काय म्हणतेय?” हितेशनं विचारलं.

भाविकाचं तोंड पांढरं पडलं होतं. “विचारतेय, घालवले नाहीत?”

तेव्हा हितेशला सांगावं लागलं. स्क्रिप्ट, पातळी, कार्ड, साखरपुडा. सांगताना तो माझ्याकडे बघत होता, जणू माझ्या रिपोर्टमध्ये याला काही चांगला शब्द असेल.

“डिलीट करू ना,” तो म्हणाला. “मॉडेलच उडवून टाकू. विषय संपला.”

बय त्याच्याकडे बघून हसली. ओठ हलवले. भाविका बयचं बोलणं तिच्याच बोलीत सांगत होती, आणि ही बोली तिनं कॉलेजात कधी तोंडातून काढली नव्हती. “म्हनते, बोलावनारा मेला म्हनून पाहुने जात नाय. कुनीतरी घालवाया लागतं. आपल्याच घरातलं बाईमानूस.”

“मग गा ना तू,” हितेश म्हणाला. “लहानपणापासून ऐकलंयस.”

“गायची म्हणजे काय ते माहीत आहे तुला?” भाविका एकदम चिडली. “जी घालवणी गाते ती धवलारीण होते. मग प्रत्येक लग्नाला तिनं उभं राहायचं. तिला गाव सोडता येत नाही, तिनं बोलावलेल्यांना परत कोण लावणार? बय एवढ्या वर्षांत ठाण्याच्या पलीकडे राहायला गेली नाही. मी पुण्याला जाणार आहे. आधी व्हायवा होऊ दे.”

बयनं दंड सोडला नाही. अजून काहीतरी म्हणाली. भाविकानं ते आम्हाला सांगितलं नाही. पण तो आठवडाभर ती रोज बयसमोर जाऊन बसत होती, एक हात बयच्या हनुवटीला लावून, डोळे तिच्या ओठांवर. का, म्हणून मी विचारलं नाही. गायचं नसेल तर कोणी एवढं पाठ करत नाही, आणि गायचं असेल तर कोणी एवढं रडत नाही.

व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नल म्हणून आशुतोष लिमये आले. बाहेरच्या कॉलेजातले, निवृत्तीला टेकलेले, शर्टाच्या बाह्या नीट बटण लावलेल्या. असा माणूस पोरांना घाबरवत नाही आणि पासही सहज करत नाही. आमच्या आधीच्या ग्रुपला त्यांनी इतक्या सौजन्यानं प्रश्न विचारले की त्यातली एक मुलगी जिन्यात रडत होती.

आमच्या स्लाइड्स त्यांनी शांतपणे पाहिल्या. डेटा किती, चुका कशा मोजल्या, सगळं विचारलं. भाविकानं चांगली उत्तरं दिली. मग ते म्हणाले, “तुम्ही दाखवता ती नावं मॉडेलला पाठ असतील. मी देतो एक.”

“द्या ना सर,” हितेश म्हणाला. भाविकानं त्याला डोळ्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, पण हितेशला डोळ्यांचं ऐकू येत नाही.

लिमये सरांनी कीबोर्ड ओढून स्वतः टाइप केलं. सुलभा.

‘ये गो बाय सुलभा, उन्हाची आलीस,
पाट मांडला, पानी ठेवलं, ये गो, बस.’

गाणं संपलं. सरांनी चष्मा काढला. मान जरा डावीकडे वळवली, आणि तिथे कोणी असल्यावर माणूस जसा चेहरा करतो, तसा त्यांचा चेहरा झाला. मग ते उठले, भिंतीजवळची शेवटची रिकामी खुर्ची उचलली आणि आपल्या शेजारी ठेवली. पुसली. हातरुमालानं.

संध्या मॅडम कागदांवर सह्या करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“छान आहे,” लिमये सर म्हणाले. “फार छान काम आहे. हे मॉडेल मला मिळेल? माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर?”

“अजून एक भाग राहिला आहे सर,” भाविका म्हणाली.

“कोणता?”

“बोलावलेल्यांना परत पाठवायचा. तो मॉडेलमध्ये नाही. मला गावा लागेल.”

सरांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. “त्याची गरज नाही.”

“सर…”

“हे बघ मुली. मी इतकी वर्षं परीक्षक आहे, पूर्ण मार्क कोणाला दिलेले नाहीत. ते आज देतो. इथेच थांबू. पुढचा भाग नको.”

हितेशनं टेबलाखालून भाविकाचा पाय दाबला. मीही तिच्याकडे बघत होते. तिला जे हवं होतं ते समोर ठेवलेलं होतं, फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं ही काही चोरी नव्हे. मला विचारलं असतं तर मी बस म्हणाले असते.

भाविकानं सरांच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मग मागच्या भिंतीकडे.

“सर, त्या बसल्या,” ती म्हणाली. “पण माझे आजोबा कधीचे उभे आहेत. बय सांगत होती. जागाच नाही. सगळे लग्नाला म्हणून आलेत आणि इथे लग्न नाही, हळद नाही, ज्याला त्याला दुसऱ्याचा धक्का लागतोय. त्यातले निम्मे तर आमचे नाहीतच, उगाच नाव घेतलं म्हणून आले. त्यांना घरी जायचंय.”

“सुलभाला जायचं नाही,” लिमये सर म्हणाले. एवढ्या वयाचा माणूस इतक्या लहान आवाजात बोलताना मी पाहिला नव्हता.

भाविका उठली. दार उघडलं, दाराकडे तोंड केलं. आमच्याकडे पाठ. आणि हळू गायला लागली.

सांगण्यासारखा आवाज नव्हता तिचा. दोनदा अडखळली. पण कोणाला गुपचूप समजावावं तसं एकेक नाव घेत होती. ‘ज्यवलास, बसलास, नातू पाह्यलास, आता चल रं नामदेवा, दिवा लावलाय वाटंला.’ नामदेव. भगवान. मिथुन. कुठल्याशा कुलदीपला ती म्हणाली, ‘वलख नाय तरी आलास, मोठा तू, आता चल.’ माझ्या हाताला वारा लागून गेला. मग परत. मग बराच वेळ लागत राहिला, गर्दीच्या दारात उभं राहिल्यावर लागतो तसा. एसीचा गारवा एकदम अंगावर आला. संध्या मॅडमनी पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि सही करत राहिल्या.

शेवटी सुलभाचं नाव राहिलं. भाविका थांबली. वळून न बघता म्हणाली, “सर, हात काढा.”

खुर्चीच्या पाठीवरचा हात निघेना. खिडकीबाहेर एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला, दुपारच्या सुट्टीचा. मग लिमये सरांनी बोटं एकेक करून सोडवली, जणू ती दुसऱ्याची होती. भाविकानं घालवणी पुरी केली.

सर मार्कांच्या कागदावर लिहून, सही करून, पाकीट बंद करून गेले. रागावले नव्हते. पण ज्याच्या हातातून एकच माणूस दोनदा गेलं, त्यानं मार्क कुठून द्यावेत? पास होण्याएवढे दिले. फर्स्ट क्लासला ते पुरले नाहीत. पुण्याच्या कंपनीनं दोन ओळींचा ईमेल पाठवला, त्यात भाविकाला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या.

प्रीतमचं लग्न घणसोलीलाच झालं. मी गेले होते. भाविका आता घणसोलीजवळच, महाप्याच्या एका स्टुडिओत काम करते आणि सुट्टीचे दिवस लग्नांत जातात. त्या मांडवातच दोन बायका तिच्याकडे पुढच्या तारखा मागत होत्या. ती नऊवारीत होती. शेजारी बय, गळ्याला स्वच्छ रुमाल, ओठ भाविकाबरोबर हलवत.

हळद लागली, आणि भाविका दाराकडे तोंड करून घालवणी गायला लागली. मी जवळ होते म्हणून मला ऐकू येत होतं. नाव घ्यायची आणि थांबायची. पुढचं नाव, परत थांबायची. काही नावांना तर इतका वेळ, की मला वाटलं विसरली.

ती जेवायला बसली तेव्हा मी विचारलं, “मध्ये एवढी का थांबतेस गं? त्या दिवशी लॅबमध्ये नव्हतीस थांबली.”

“त्या दिवशी मला दिसत नव्हते,” भाविका म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. “म्हातारी माणसं आहेत गं. उठायला वेळ लागतो.”